थांबाबाई

माझ्या नणंदेनं आयुष्यभर एका रबरी माणसाची परवानगी घेतली, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मी त्यांना वन्सं म्हणते. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत नर्सिंगची शाळा आहे. वन्सं तिथे मुलींना शिकवतात आणि मुली त्यांना पाठीमागे थांबाबाई म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी वन्सं काही करणार नाहीत. रागावायच्या आधी त्या विचारतील, "रागावू का?" आणि थांबतील. तोवर ती मुलगी घरी पोहोचलेली असेल.

शाळेत सरावाचा एक हॉल आहे. लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी पलंग, कोपऱ्यात बेसिन, भिंतीवर आतड्यांचा रंगीत तक्ता. खिडकीजवळच्या पलंगावर आप्पा असतात. आप्पा म्हणजे पुतळा, माणसाएवढा आणि माणसाच्या वजनाचा. त्यांचं तोंड उघडतं, मान वळते, एक डोळा मिटतो आणि दुसरा काही केल्या मिटत नाही. डावा हात खांद्यात ढिला आहे. अंग कसं पुसायचं, कूस कशी बदलायची, दात कसे घासायचे, हे सगळं मुली आप्पांवर शिकतात. प्रत्येक नर्सिंग शाळेत असा एखादा पुतळा असतो म्हणे. पण आमच्या आप्पांना जो मान आहे तो जिवंत माणसांनाही मिळत नाही. मला तर माझ्या माहेरीसुद्धा मिळाला नाही.

नियम असा. पडद्यापाशी उभं राहायचं आणि विचारायचं, "आप्पा, येऊ का?" मग थांबायचं. चादर काढायच्या आधी सांगायचं, विचारायचं, थांबायचं. हात लावायच्या आधी पुन्हा तेच.

"किती वेळ थांबायचं बाई?" नवीन मुली विचारतात.

"नको म्हणायला पुरेल इतका."

"पण आप्पा नको म्हणणारच नाहीत."

"तुला काय माहीत? तू थांबलीस कुठे?"

घरीही हाच प्रकार. वन्संची खोली आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर. त्यांच्याकडे एक मांजर आहे. ते खुर्चीत बसलं की वन्सं त्याला विचारतात, "उठतोस का?" मांजर उठत नाही. म्हणून वन्सं उभ्यानं जेवतात. कित्येक वर्षं ती खुर्ची मांजराचीच आहे. माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हा लंगोट बदलायच्या आधी ह्या तिची संमती घेत उभ्या राहायच्या, आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन जायचं. धुणं मला.

हे वेड आलं कुठून, ते यांनी एकदा मला सांगितलं होतं. यांनी म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वन्संच्या थोरल्या भावानं. वन्सं लहान असताना घसा दुखला म्हणून डॉक्टर घरी आले. त्यांनी काही न बोलता हनुवटी धरली आणि बोट घशात घातलं. वन्संनी ते चावलं. अंगठाही चावला. पुढे नर्सिंगच्या प्रवेशाला मुलाखत घ्यायला नेमके तेच डॉक्टर बसलेले! ते म्हणे पूर्ण वेळ हात खिशात घालून बोलले. शेवटी विचारलं, "नर्स का व्हायचं आहे?" वन्सं म्हणाल्या, "मला चावून घ्यायचं नाहीये." लगेच प्रवेश मिळाला.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. विचारत बसलं तर कामं होत नाहीत. माझं घर चाललं ते उत्तरांवर, प्रश्नांवर नाही.

हे बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं पाकीट सापडलं, हे सगळ्या गावाला यांच्या आवाजात कळायचं. आवाज असा भारदस्त की गाडी चुकलेला माणूससुद्धा म्हणायचा, चुकली खरी, पण सांगितली छान. घरी मात्र यांना बोलायची तसदी पडायची नाही. मी होते ना! पाहुणे म्हणायचे, "काय, तब्येत कशी आहे?" मी सांगायची, "बरी आहे, पण गुडघा दुखतो." यांचा गुडघा मला यांच्यापेक्षा जास्त माहीत. यांना भूक लागली की मला आधी कळतं, यांना मागाहून.

तर जिन्यातला बल्ब गेला. मी म्हटलं, "बल्ब बदला." एवढंच म्हटलं. पडा असं म्हटलं नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली. डॉक्टर म्हणाले, "हाड झकास बसलंय. आता लवकरात लवकर उभं राहायचं. या वयात माणूस पडून राहिला की छाती भरते आणि मग अंथरूण सुटत नाही." मी म्हटलं, "राहतील हो उभे." हे काहीच म्हणाले नाहीत.

आणि मग काहीच म्हणेनासे झाले. तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. डॉक्टरांनी घसा पाहिला, डोकं पाहिलं, यंत्रात घालून बाहेर काढलं. सगळं जिथल्या तिथे होतं. हे भिंतीकडे तोंड करून, पांघरूण कानांपर्यंत ओढून पडलेले. कवळी वाटीत. जेवण दोन घासांवर आलं, मग एका घासावर. मी दिवसभर शेजारी बसून बोलत होते, कारण गप्प बसले की मला भीती वाटायची. माझं माणूस डोळ्यांदेखत गादीत मुरत चाललं होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

वॉर्डातल्या मुली वाईट नव्हत्या. वन्संच्याच शिकवलेल्या. पण एकीला इतके पलंग सांभाळायचे असायचे की थांबायचं म्हटलं तर शेवटच्या पलंगाची पाळी पुढच्या वर्षी आली असती. त्या धावत यायच्या आणि मला विचारायच्या, "बाबांनी खाल्लं का? बाबांना शौचाला झाली का?" मी सांगायची. मग व्यायामवाला यायचा. दंड फुगलेला, हसतमुख. टाळी वाजवून "चला बाबा, उभे!" म्हणायचा आणि काखेत हात घालून उचलायचा. हे दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखे लोंबायचे. मग तो परत ठेवायचा आणि मला सांगायचा, "आज सहकार्य नाही."

त्यातच हॉस्पिटलनं माणुसकी सप्ताह काढला. प्रत्येक पलंगाच्या वर पाटी लावायची ठरली: "आधी माणूस, मग आजार." पाटी लावणारा आला आणि बूट घालून सरळ यांच्या पलंगावर चढला, एक पाय यांच्या या अंगाला, एक त्या अंगाला. खिळा ठोकायला लागला तसा भिंतीचा चुना यांच्या तोंडावर पडायला लागला.

"अहो, खाली माणूस आहे!" मी ओरडले.

"म्हणून तर हळू मारतोय," तो म्हणाला. मग हातोडी यांच्या छातीवर ठेवून खाली उतरला आणि लांबून पाहिलं. पाटी वाकडी होती. परत चढला.

हे गप्प. चुना पापण्यांवर बसला तरी गप्प. मी तो पुसला, पण हात लावताच यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

वन्सं रोज वर्ग सुटल्यावर यायच्या. पलंगाशेजारी स्टूल होतं. त्या विचारायच्या, "दादा, बसू का?" आणि थांबायच्या. उत्तर यायचं नाही. मग त्या उभ्याच राहायच्या, भेटीची वेळ संपेपर्यंत, आणि उभ्याउभ्याच परत जायच्या. दिवसभर मुलींमागे फिरून पाय सुजलेले, समोर स्टूल रिकामं.

"बसा हो, मी सांगते ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं, वहिनी."

मला असा राग आला! सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं हे घराणं. भाऊ बोलत नाही, बहीण बसत नाही, आणि मी या दोघांच्या मध्ये सुपाचा डबा घेऊन.

मग तो परीक्षेचा दिवस आला. त्या सकाळी यांचा एक्स-रे काढायचा होता. आणि त्याच सकाळी आप्पा हॉस्पिटलच्या दुरुस्ती विभागातून परत यायचे होते, कारण शाळेच्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षक येणार म्हणून त्यांचा खांदा दुरुस्तीला गेला होता. एक्स-रे झाला, खांदाही झाला, आणि दोन्ही स्ट्रेचर लिफ्टसमोर एकाशेजारी एक उभी राहिली. दोन्हींवर सारखीच चादर, कानांपर्यंत ओढलेली. वॉर्डबॉय दोघे चहा पिऊन आले आणि त्यांना पेच पडला. यातला पुतळा कुठला?

पुढचं त्यांनीच मला नंतर आपले कान धरून सांगितलं. आधी ठरलं, जो हलेल तो पेशंट. बराच वेळ पाहिलं, कुणी हललं नाही. मग एकानं दोन्ही चादरी जरा खाली केल्या. हे डोळे मिटून, निपचित. आप्पांचा एक डोळा टक्क उघडा.

"हा बघतोय. हा माणूस," असा निवाडा झाला.

आप्पा वॉर्डात गेले आणि हे शाळेत. यांनी तोंड उघडून "अरे, मी आहे" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण म्हणाले नाहीत.

मी घरून अंघोळ उरकून वॉर्डात आले, तर आनंदीआनंद. सिस्टर म्हणाली, "काकू, बाबांनी आज कवळी घालू दिली, अजिबात तोंड फिरवलं नाही!" डॉक्टर फेरी मारून गेले होते. "ताप नाही, तक्रार नाही, सुधारणा आहे," असं म्हणाले होते. आणि व्यायामवाला तर मला शोधतच होता. "काय सांगू काकू! आज बाबा ताठ उभे राहिले. गुडघ्यात वाकले सुद्धा नाहीत!"

माझा जीव भांड्यात पडला. मी स्टुलावर बसले. तोंड भिंतीकडे, पांघरूण कानांपर्यंत, नेहमीसारखंच. बाजूनं पाहिलं तर ओठांतून यांचीच कवळी दिसत होती. मी बोलायला लागले. पाण्याची टाकी गळते आहे, शेजारीण पुन्हा भांडली, मुलीचा फोन आला होता, जिन्यातल्या बल्बचं काय करायचं, सगळं सांगितलं. बोलता बोलता वाटलं, आज हे किती नीट ऐकताहेत! कधी नव्हे ते एक डोळा उघडा ठेवून ऐकत होते. मला भरून आलं. म्हटलं, हात हातात घ्यावा. पांघरुणाखाली हात घातला, तर हात गार. चोळायला म्हणून जरासा ओढला.

हात आला. सगळाच आला.

खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा, की हे आता माझ्यावर शेकणार. मी तो हात पटकन पांघरुणाखाली सारला. मग पलीकडच्या पलंगापाशी बसलेली बाई किंचाळली, आणि मला कळलं की मीही किंचाळते आहे. डोकं धरून वळवलं तर आप्पा! तोंडात यांची कवळी घालून आप्पा माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होते.

मग हे कुठे आहेत?

काखेत आप्पांचा हात मारून मी जी धावत सुटले ती थेट मागच्या इमारतीत. हॉलचं दार बंद होतं. आत परीक्षा. आपल्या मुलींच्या परीक्षेला आपण आत बसायचं नाही असा नियम, म्हणून वन्सं बाहेर दाराच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, परत काचेतून पाहिलं.

"दादा आहे तो," त्या हळूच म्हणाल्या.

"मग उघडा दार!"

"थांबा."

"काय थांबा! तिथे त्यांना पुतळा समजून..."

"वहिनी, तो ऐकतोय. त्याचा अंगठा बघा."

मी काचेतून पाहिलं. खिडकीजवळच्या पलंगावर हे पडलेले. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, चादर सारखी केलेली. आधीच्या मुली आपापली कामं करून गेल्या होत्या. आणि चादरीबाहेर आलेल्या पायाचा अंगठा वरखाली, वरखाली हलत होता. बसस्थानकावर माईकचं बटण दाबायच्या आधी यांचा अंगठा चपलेत असाच हलायचा. वन्संनी माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. विचारलं नाही. पहिल्यांदाच.

पडद्यापाशी लांब वेणीची एक मुलगी उभी होती. तिच्यामागे परीक्षक बाई, चष्मा नाकावर, हातात घड्याळ.

"आप्पा, येऊ का?" मुलीनं विचारलं आणि थांबली.

"चला, चला," परीक्षक बाई म्हणाल्या.

मुलगी थांबली तेवढी थांबली, मग आत गेली. "आप्पा, पाठीला जखम होऊ नये म्हणून मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. चालेल का?"

आणि थांबली.

"अहो, वेळ जातोय!"

"मी थांबले आहे, मॅडम."

अंगठा हलायचा बंद झाला. यांनी डोळे उघडले, छातीवर हात घेतला, आणि फलाटावरच्या त्या आवाजात म्हणाले, "नको."

तो नको समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. आतड्यांचा तक्ता हलला. परीक्षक बाईंच्या हातातलं घड्याळ खाली पडलं आणि टिकटिकत राहिलं.

वेणीवाली मात्र जागची हलली नाही. "बरं आप्पा," म्हणाली. "मग केव्हा येऊ?"

"जरा वेळानं."

"पाणी हवं आहे का?"

हे विचारात पडले. ती थांबली. "हवंय," हे म्हणाले. "पण मी माझ्या हातानं पिणार."

"मग बसावं लागेल. बसायचं का?"

"बसू."

मी त्या मुलीला नंतर विचारलं, तू घाबरली कशी नाहीस गं? तर म्हणाली, "काकू, बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आप्पा कधीतरी नको म्हणतील."

पण परीक्षक बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. "याच्यात यंत्र बसवलंय?" त्या म्हणाल्या. "मला आधी कल्पना द्यायला हवी होती! आणि तुम्ही कृती पूर्ण करा. कूस बदला."

"पेशंट नको म्हणाले, मॅडम."

"पुतळ्याला नको म्हणता येत नाही!"

"म्हणाले ना पण."

बाई चिडल्या. स्वतः पुढे झाल्या आणि यांच्या हनुवटीला धरून तोंड फिरवायला गेल्या. मी डोळे मिटले. घराण्याची रीत मला माहीत होती. कवळी आप्पांच्या तोंडात राहिली म्हणून बाईंचा अंगठा वाचला, पण हिरड्या काही कमी नव्हत्या.

"चावला! पुतळा चावला!"

"तुम्ही विचारलं नव्हतं, मॅडम," वेणीवाली म्हणाली.

तेव्हा कुठे वन्संनी दार उघडलं. आम्ही आत गेलो तर हे पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसलेले, दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत. इतक्या दिवसांनी बसलेले. मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात वर केला तर तो आप्पांचा निघाला.

वन्सं पलंगापाशी गेल्या. "दादा, बसू का?"

यांनी पेला खाली घेतला. "बस की," म्हणाले. "इतके दिवस उभी होतीस, वेडे."

वन्सं मटकन बसल्या आणि भावाच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारख्या रडल्या. परीक्षक बाई अंगठा चोळत हे सगळं बघत होत्या. सगळा उलगडा झाल्यावर बाईंनी खाली पडलेलं घड्याळ उचललं. मग यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आपली नाडी बघू का?" असं विचारलं, आणि थांबल्या. यांनी जरा वेळ घेतला. "बघा," म्हणाले. वेणीवाली पास झाली.

यांना परत वॉर्डात न्यायला वॉर्डबॉय आले तर हे म्हणाले, "नको. मी इथेच राहतो, आप्पांच्या जागी."

मोठे डॉक्टर समजूत घालायला आले. "बाबा, ही पुतळ्याची जागा आहे."

"म्हणूनच," हे म्हणाले.

शेवटी तसंच ठरलं, कारण वॉर्डात आप्पांची तब्येत छान होती आणि माणुसकी सप्ताहाचे पाहुणे दारात आले होते. पाहुण्यांनी आप्पांच्या पलंगापाशी उभं राहून विचारलं, "काळजी नीट घेतात ना?" आणि लगेच सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बोलत नाहीत, पण डोळ्यांत समाधान दिसतंय." एका डोळ्यात दिसलं असेल. आप्पांच्या राहिलेल्या हातात त्यांनी फूल दिलं.

इकडे हॉलमध्ये मुली रोज यांना विचारायच्या, "उभं राहायचं का?" हे नको म्हणायचे. मुली बरं म्हणायच्या आणि परत यायच्या. आणि एका सकाळी हे म्हणाले, "बघू या." पाय टेकला. मग पलंगापासून खिडकीपर्यंत, मग बेसिनपर्यंत. स्वतःचं तोंड स्वतः धुतलं. जेवायला लागले. मुलींना गाड्यांच्या घोषणा करून दाखवायला लागले. हॉलमधून हसण्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत यायचा.

मी आत पाऊल टाकलं की हे भिंतीकडे तोंड करायचे.

कुणालाही वाईट वाटेल. मला वाटलं. मी डबा ठेवायची, बोलायची, घरी जाऊन भांडी आपटायची. चाळीस वर्षं या माणसाचं सगळं मी केलं, आणि हा रबराचा आप्पा होऊन पडलाय. तोही माझ्यापुरता.

मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी पिशवी भरली, चपला पुढे ठेवल्या. "चला, उठा, रिक्षा बाहेर उभी आहे."

पांघरूण कानांवर गेलं.

"अहो, घरी जायचंय! घरी तुम्हाला बरं वाटेल."

काही नाही. मी वन्संकडे पाहिलं. त्या बेसिनपाशी हात पुसत उभ्या होत्या.

"विचारलंत का, वहिनी?"

"यात काय विचारायचं? घर त्यांचंच आहे."

"मग विचारायला काय हरकत आहे?"

"आणि नको म्हणाले तर?"

वन्संनी टॉवेल खुंटीला लावला. हा प्रश्न मीच विचारला होता आणि त्याचं उत्तर वन्संकडे नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली. पडद्यापाशी जाऊन उभी राहिले, त्या मुली राहतात तशी.

"येऊ का?" मी म्हटलं. आवाज माझाच, पण मला ओळखू येईना.

पांघरूण जरा खाली सरकलं. मी पुढे गेले.

"घरी यायचं का?"

आणि थांबले.

तोंडात "येणारच हो" आलं होतं, ते गिळलं. मग "न येऊन कुठे जाल" आलं, तेही गिळलं. नळ टपकत होता. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. यांना भूक कधी लागते, गुडघा कधी दुखतो, सगळं मला पाठ, आणि हे एवढं उत्तर मला माहीत नव्हतं. नको म्हणाले तर मी एकटी त्या रिक्षात बसणार, एकटी त्या जिन्यात जाणार, आणि जिन्यातला बल्ब अजून गेलेलाच होता. इतकी गप्प मी जन्मात कधी उभी राहिले नसेन.

पलंग करकरला. यांनी कूस बदलली, आपली आपण, आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी. अंगठा हलत होता.

"परत विचार," म्हणाले.

मी परत विचारलं.